अर्ध्या तासाची दक्षिणकाशी

पुण्याहून महाबळेश्वरास निघालेली मोटार सुरूर फाट्यावर उजवीकडे वळली म्हणजे थोड्याच वेळांत वाई लागते. पण आंतील मंडळींचें चित्त एव्हांना पांचगणीच्या गारव्याकडे लागलेलें असतें. “जातां जातां ढोल्या गणपति करून टाकूं,” असें कोणीतरी म्हणतो, आणि गाडी घाटाजवळ उभी राहते. पांच मिनिटांत दर्शन, दहा मिनिटांत छायाचित्रें, उरलेल्या वेळांत चहा. अर्धा तास भरला कीं सर्वजण पुन्हां गाडींत बसतात आणि पसरणीचा घाट चढूं लागतात. जिला आपले वाडवडील दक्षिणकाशी म्हणत आले, तिच्या वाट्यास आजच्या प्रवाशाच्या आयुष्यांतील एवढाच काळ येतो. काशीस गेलेला मनुष्य चार रात्री राहिल्यावांचून परतत नसे, हें येथें सहज आठवतें.

हा अर्धा तास वाढावा कीं नाहीं, वाढला तर वाईस त्यापासून लाभ होईल कीं हानि, आणि त्याचा आपल्यासारख्या घरांशीं काय संबंध, याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें मनांत आलें. निमित्त असें कीं, जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली व त्यांत प्रतापगड आहे. प्रतापगडास जाणारी पुण्याकडील पुष्कळशी रहदारी वाईवरूनच जाते. म्हणजे गाड्या वाढणार हें ठरलेलेंच आहे. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या माणसास वाईनें काय दाखवावें, हा प्रश्न आज ना उद्यां सोडवावा लागेल.

सवयीप्रमाणें प्रथम शब्दांकडे पाहतों. ‘पर्यटन’ हा ‘परि’ उपसर्ग व ‘अट्’ धातु यांपासून झालेला शब्द. अर्थ सभोंवार हिंडणें. ‘तीर्थ’ हा ‘तॄ’ म्हणजे तरून जाणें या धातूपासूनचा. मूळ अर्थ नदीचा उतार, पाण्यांत शिरण्याची जागा. पर्यटक भोंवतीं फिरतो, यात्रेकरू खालीं उतरतो. वाईचे घाट हे दुसऱ्या प्रकारच्या माणसाकरितां बांधलेले आहेत. पायऱ्या आहेत त्या पाण्याकडे जाण्यासाठीं. पाण्याकडे पाठ करून चित्र काढून घेण्यासाठीं नव्हेत. परंतु यात्रेकरू आतां मोटारींतून येतो आणि पर्यटकही देवास हात जोडतो. तेव्हां दोघांत फार कडक भेद करण्यांत अर्थ नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.

वाई हें गांव फार मोठें नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास भरली. उशाला पांडवगड, पायथ्याशीं कृष्णा, आणि नदीला लागून सात आळ्यांचे सात घाट : भीमकुंड, ब्राह्मणशाही, रामडोह, धर्मपुरी, गणपति आळी, मधली आळी, गंगापुरी. नुसतीं नांवें एकामागून एक म्हटलीं तरी स्तोत्रासारखीं वाटतात. आज आपण जें वाईचें वैभव म्हणतों त्यांतील पुष्कळसें रास्ते घराण्यानें उभें केलें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या कन्या. काशीविश्वेश्वराचें देऊळ १७५७ चें, तें आनंदराव भिकाजी रास्ते यांचें. महागणपतीचें १७६२ चें, तें गणपतराव भिकाजी रास्ते यांचें.

महागणपतीच्या देवळापाशीं थोडें थांबतों, कारण बहुतेक सर्व प्रवासी तें समोरून पाहतात आणि त्याची खरी करामत मागें आहे. देऊळ अगदीं नदीच्या कांठीं. पावसाळ्यांत कृष्णा चढली म्हणजे पाण्याचा लोंढा थेट देवळावर येणार, हें बांधणाऱ्यांस पुरतें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं गाभाऱ्याच्या पाठीमागची भिंत सपाट न ठेवतां माशाच्या आकाराची, पुढें निमुळती अशी बांधली. नावेची नाळ पाणी कापते त्याप्रमाणें ही भिंत लोंढा कापते. तो दुभंगतो आणि दोन्ही अंगांनीं निघून जातो. अडीचशेंहून अधिक पावसाळे देऊळ उभें आहे. गणपतीच्या उदराचें कौतुक करून परत फिरणाऱ्या मुलांना कोणी पांच पावलें मागें नेऊन ही भिंत दाखवील, तर ‘प्रवाहाचा दाब’ हा धडा शाळेंत निराळा शिकवावा लागणार नाहीं. मी चाळीस वर्षें मुलांपुढें उभा राहिलों. असा फळा मला कधीं मिळाला नाहीं.

पण भिंत दाखविणारा मनुष्य कोठें आहे? घाटावर हार मिळतात, नारळ मिळतो, मक्याचें कणीस मिळतें. सांगणारा मिळत नाहीं. एखादा फलक असला तर त्यावर देवळाचें साल असतें आणि शेजारीं पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक त्याच्या दुप्पट. पर्यटनवृद्धि म्हणून जें कांहीं होतें त्यांत रोषणाई आणि बांकें यांवर भर असतो. बांकें हवींत, नाहीं असें नाहीं. म्हाताऱ्या माणसास बसावयास लागतें. परंतु वाईच्या शाळांतून दहावी-अकरावीचीं पंचवीस मुलें निवडून, त्यांना आपल्याच गांवाचा इतिहास नीट शिकवून, सुटीच्या दिवशीं घाटावर उभीं केलीं, तर नगरपालिकेस एका दिव्याच्या खांबाहूनही कमी खर्च येईल, असा माझा अंदाज आहे.

आणि गांवाचा इतिहास म्हणजे केवळ देवळें नव्हेत. वाईचा मोठा वारसा दगडाचा नाहीं, तो अक्षरांचा आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनीं येथें प्राज्ञपाठशाळा स्थापिली. १९१७ सालीं विनोबा याच पाठशाळेंत शास्त्रीबोवांपाशीं शिकावयास येऊन राहिले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी येथेंच घडले. धर्मकोशाचे खंड येथूनच निघूं लागले. आणि पुढें मराठी विश्वकोशाचें कामही मुंबई-पुण्यास न जातां याच गांवांत बसून झालें. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. आज ज्यांच्या घरीं हे जाडजूड खंड कपाटांत आहेत त्यांतील किती जणांस ते कृष्णाकांठीं लिहिले-तपासले गेले हें ठाऊक असेल? महागणपतीपाशीं दररोज शेंकडों माणसें येतात; पाठशाळेचा दरवाजा कोणता असें विचारणारा एखादाच असतो.

या पाठशाळेविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथील शास्त्रीमंडळी शास्त्रांत मुरलेली होती, म्हणूनच त्यांपैकीं कांहींजण शास्त्राच्याच आधारें अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिले. लक्ष्मणशास्त्र्यांनीं या कामीं महात्मा गांधींस साह्य केलें, हें सर्वश्रुत आहे. जुनें जपणें म्हणजे जुन्यांतील सारेंच डोक्यावर घेणें नव्हे, हा विवेक वाईनें पुस्तकांतून नव्हे तर माणसांतून दाखविला. ज्यांना वारसा या शब्दानें भीति वाटते कीं आतां पुन्हां सगळें सोंवळें-ओंवळें परत येणार, त्यांना मी हें उदाहरण देतों.

तिसरा वारसा उत्सवाचा. थंडी सरूं लागली, माघ लागला कीं कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात. अफजलखानाचें संकट स्वराज्यावर आलें त्या वेळीं कृष्णामाईस नवस बोलला गेला आणि त्यांतून हा उत्सव निघाला, असें परंपरा सांगते. खान वाईचा सुभेदार राहिलेला. १६५९ मध्यें त्याची छावणीही येथेंच पडली होती. तेव्हां ही आठवण वाईनें जपावी हें स्वाभाविकच आहे. प्रत्येक आळीची कृष्णाबाई वेगळी, मांडव वेगळा, दिवस वेगळे. एका घाटाचा उत्सव आटोपतो तोंच दुसऱ्या घाटाचा उभा राहतो. मूर्ति वाजतगाजत घाटावर येते. मग कीर्तन, गायन, व्याख्यान, बायकांचें हळदीकुंकू आणि प्रसादाचें जेवण. लेकी माहेरीं येतात. परगांवीं नोकरीस असलेले मुलगे रजा काढून येतात, आणि आल्या आल्या सदरा काढून वाढप्यांत उभे राहतात. जगांत नदीचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत. परंतु नदीला घरची वडीलधारी बाई समजून मांडवांत आणून बसविणारें आणि तिच्यासमोर पंगत मांडणारें गांव विरळा.

या उत्सवाची जाहिरात करावी कीं करूं नये, यावर वाईंतच दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, इतका सुंदर सोहळा बाहेरच्यांस ठाऊक नाहीं ही उणीव आहे. दुसरा म्हणतो, एकदां मोटारी भरभरून माणसें येऊं लागलीं कीं आमच्या लेकीसुनांना घाटावर पाय ठेवावयास जागा उरणार नाहीं, आणि कीर्तनाच्या जागीं कर्णे लागतील. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. परंतु पहिल्याचें म्हणणें अगदीं टाकाऊ नाहीं. मधला मार्ग असा दिसतो कीं, उत्सव आळीनें आळीसाठींच करावा. पाहुण्यास बोलवावें तें प्रेक्षक म्हणून नव्हे, पाटावर बसविण्यासाठीं. जो दोन तास बसून कीर्तन ऐकेल आणि पंगतींत जेवील तो आपलाच. ज्याला तेवढा वेळ नाहीं त्याला उत्सवाचा पत्ता सांगण्याची गरज नाहीं.

वाईची जाहिरात मात्र न करतांही झाली आहे, आणि तिची तऱ्हा गमतीची आहे. येथले घाट आणि वाडे सिनेमावाल्यांस फार आवडतात. ‘गंगाजल’ हा २००३ चा चित्रपट कथेनें बिहारचा. पण चित्रीकरण वाईचें. २०१० चा ‘दबंग’ कथेनें उत्तर प्रदेशाचा, रस्ते वाईचे. २००४ च्या ‘स्वदेस’मधील तें उत्तरेकडचें खेडें म्हणजे आपली मेणवली. म्हणजे दक्षिणकाशीनें पडद्यावर उत्तरेचेंच सोंग घ्यावयाचें, असा योग आहे! चित्रपटामुळें पुष्कळांस चार दिवस काम मिळतें, खोल्यांस भाडें येतें, हें खरें. पण त्यानंतर येणारा प्रवासी ‘तो अमुक प्रसंग कोठें झाला’ एवढेंच विचारतो. नाना फडणविसांच्या चौकांत उभें राहून नानांची चौकशी न करतां नटाची चौकशी करणारे सद्गृहस्थ मीं प्रत्यक्ष पाहिले आहेत. त्यांचा दोष नाहीं. त्यांना दुसरें कोणी कांहीं सांगितलेंच नव्हतें.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. देवळांस भक्त आहेत, घाटांस उत्सव आहे. वाड्यांस कोणी नाहीं. वाईच्या आळ्यांना जें रूप आहे तें घाटामागच्या घरांनीं दिलेलें आहे : काळ्या दगडाचें जोतें, दिंडीचा दरवाजा, चौक, ओसरी, सोपा, माजघर, कडीपाट, भिंतींतल्या देवळ्या. यांपैकीं एकेक घर दरसाल नाहींसें होत आहे. एका उन्हाळ्यांत वासे उतरतात, पुढच्या उन्हाळ्यांत तेथें चार मजले उभे राहतात आणि खालीं दुकानें. असेंच चालू राहिलें तर देवळें राहतील, पण तीं दांत पडलेल्या तोंडांतल्या दोन सुळ्यांसारखीं दिसतील.

माझ्या एका चुलत वहिनी वाईंत घाटापासून जवळच अशा एका वाड्यांत राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. भाऊ वारले, मुलें बाहेरगांवीं. वाड्याचे वांटेकरी तेरा : कोणी पुण्यास, कोणी ठाण्यास, दोघे बडोद्यास, एक पुतणी अमेरिकेंत. वाड्यांत दिवा लावणाऱ्या एकट्या वहिनी. गेल्या फाल्गुनांत मी गेलों तेव्हां माजघरांत दोन ठिकाणीं पातेलीं मांडून ठेविलेलीं दिसलीं. पाऊस नव्हता, मागच्या पावसाळ्यांतलीं तीं उचललींच नव्हतीं.

मीं दरवाजाच्या कोरीव कामाची स्तुति केली. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्या दाराचे फोटो काढणारे दिवसांतून दहा येतात. छान आहे म्हणतात. परवां कौलें फिरवायला माणूस शोधला, तर महिनाभर मिळाला नाहीं. त्या फोटोंनीं गळती थांबते का, सांगा.”

मीं म्हटलें, “येणाऱ्यांपैकीं चार माणसें वरच्या खोलींत रात्रीं राहिलीं तर? भाडें देतील.”

“राहूं देत कीं. मी कुठें नको म्हणतें? दोन खोल्या मोकळ्या आहेत. पण मोरी-संडास चौकापलीकडे. शहरांतलीं माणसें रात्रीं चौक ओलांडून जातील का? तें बांधायचें तर तेराजणांच्या सह्या हव्यात म्हणे. तेराजणांचें एकत्र जेवण होऊन अकरा वर्षें झालीं.”

वाचकहो, वारसाजतनाचा सारा प्रश्न त्या तेरा सह्यांत आहे. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींस मुलांइतकाच हक्क मिळाला, हें योग्यच झालें. परंतु वांटेकरी वाढले तशा सह्याही वाढल्या. ठाण्याचा पुतण्या म्हणतो, वाडा बांधकामदारास द्यावा, प्रत्येकाच्या वाट्यास कांहींतरी येईल. त्याला नांवें ठेवूं नयेत. तो नोकरदार आहे, घरकर्जाचे हप्ते भरतो आहे. ज्या माजघरांत त्यानें आयुष्यांत पंधरा दिवससुद्धां काढले नाहींत, त्या माजघरासाठीं त्यानें दरसाल दहा-वीस हजार रुपये कां द्यावेत? ‘पूर्वजांची स्मृति’ हें उत्तर त्याला पुरत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तें कौलांनाही पुरत नाहीं.

शिवाय खर्च करणारेही कित्येकदां चुकीच्या जागीं करतात. जुनी भिंत चुन्याची असते. कळीचा चुना विरवून, वाळूबरोबर घाणींत दगडी चाकाखालीं मळून, त्यांत गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचें पाणी असें कायकाय घालीत असत. अशा भिंतींत शिरलेला ओलावा चुन्यांतूनच हळूहळू बाहेर पडतो. वरून सिमेंटचा गिलावा चढविला कीं तो आंत कोंडतो; मग भिंतीला लोणा लागतो आणि भिंतींत पुरलेलें सागवानी तुळईचें टोंक आंतल्या आंत कुजूं लागतें. बाहेरून भिंत नवी दिसते, आणि पांच-दहा वर्षांनीं तुळई एकाएकीं खचते. मग लोक म्हणतात, जुनें बांधकाम कच्चेंच! तीच गोष्ट देवळांच्या दगडाला फांसलेल्या तैलरंगाची. रंग देणाऱ्याची भक्ति खरी असते, यांत शंका नाहीं. पण दगडाचें नुकसान तिच्यानें टळत नाहीं. चुन्याचें काम जाणणारे गंवडी अजून आहेत; त्यांना काम मिळालें नाहीं तर त्यांचीं मुलें तें शिकणार नाहींत आणि पुढच्या पिढींत पैसा असूनही वाडा दुरुस्त करतां येणार नाहीं.

नगरपालिकेच्या हातीं काय आहे? अगदींच कांहीं नाहीं असें नव्हे. २०२० च्या अखेरीस राज्यांतील बहुतेक नगरांस लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमांत वारसावास्तूंच्या जतनाचीं कलमें आहेत. अशा वास्तूंची यादी करावी, आणि यादींतल्या घरास हात लावण्यापूर्वीं जाणत्यांचा सल्ला घ्यावा, हा त्यांचा रोंख. पण यादी म्हटली कीं मालकाच्या छातींत धडकी भरते. त्याला वाटतें, आपलें घर आतां सरकारजमा. आणि नुसतें ‘पाडूं नका’ असें सांगून कोणाचें छप्पर गळावयाचें थांबत नाहीं. मनाईबरोबर कांहीं देणेंही हवें : घरपट्टींत सूट, सागवान व कौलांसाठीं थोडें साह्य, नकाशे मंजूर करण्यांत सवलत.

देण्याचा पैसा कोठून आणावा, याचा एक दाखला वाईपासून फार दूर, नेपाळांत आहे. काठमांडूच्या पूर्वेस सुमारें तेरा किलोमीटरांवर भक्तपूर नांवाचें जुनें शहर आहे. देवळांचें, विटांचें आणि कोरीव लांकडी खिडक्यांचें. न्यातपोल हें पांच छपरांचें उंच देऊळ तेथें १७०२ पासून उभें आहे. तेथें येणाऱ्या परदेशी प्रवाशाकडून नगरपालिका वेशीवरच शुल्क घेते, आणि त्या पैशांतून देवळें, धर्मशाळा, फरसबंदी यांची दुरुस्ती करते. १९७४ पासून कांहीं वर्षें तेथें जर्मनांच्या साह्यानें जीर्णोद्धाराचें मोठें काम झालें. पण पुढें शहर आपल्या पायांवर उभें राहिलें तें या शुल्कामुळें. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपांत तेथील शेंकडों घरें आणि कितीतरी देवळें कोसळलीं. तीं पुन्हां उभारतांना गांवकऱ्यांच्या समित्या करून, गांवच्याच सुतार-गंवड्यांकडून, विटा व लांकूड यांनींच काम करण्याचा आग्रह धरण्यांत आला. कुंभार चौकांत मडकीं वाळत घालतात. मातीच्या वाडग्यांत लावलेलें ‘जूजू धौ’, म्हणजे राजा दहीं, प्रवासी तेथेंच बसून खातो आणि पैसा गांवांत राहतो.

वाईस हें जसेंच्या तसें लागू पडणार नाहीं. देवदर्शनास शुल्क लावणें आपल्या मनास पटणार नाहीं, आणि पटूंही नये. परंतु दर्शनास येणाऱ्या मोटारीस उभें राहण्याचें भाडें लावतांच येतें. तें घ्यावें, मात्र जमाखर्च घाटावर मोठ्या फळ्यावर खडूनें लिहावा : या महिन्यांत इतके आले, त्यांतून अमुक आळींतील अमुक घरांचीं कौलें फिरविलीं. मनुष्य पैसे देतांना कुरकुरतो तो पैसा कोठें जातो हें दिसत नाहीं म्हणून. गाड्या मात्र घाटापासून दूर ठेवाव्या. दहा मिनिटें चाललें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, उलट वाटेंतल्या दुकानदाराची हळद खपते. (वाईच्या हळदीची पेठ जुनी आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली वायगांवची हळद ती वेगळी, वर्धा जिल्ह्यांतली. नांवाच्या सारखेपणानें पुष्कळजण फसतात.)

यात्रेकरूस घरांत उतरवून घेणें ही गोष्टही आपणांस नवी नाहीं. क्षेत्राच्या गांवीं उपाध्यायांच्या घरीं उतरावयाचें, तेथेंच जेवावयाचें, निघतांना दक्षिणा ठेवावयाची, आणि त्यांच्या वहींत आपल्या कुळाची नोंद करावयाची, ही रीत आजोबा-पणजोबांच्या वेळीं सार्वत्रिक होती. महाराष्ट्रांत निवास-न्याहारी योजना आहे. तिच्यांत घरमालकानें नोंदणी करून आपल्या घरांतील खोल्या प्रवाशांस द्यावयाच्या असतात. वहिनींच्या दोन खोल्यांना ती लागू पडण्यासारखी आहे. कांहीं घरांतून आक्षेप येईल कीं, परक्यांचा वावर, स्वयंपाकघराचें सोंवळें, सुनांची गैरसोय. गैरसोयीचा आक्षेप खरा आहे आणि त्याचें उत्तर सुनांनींच द्यावें; काम त्यांच्यावर पडणार असेल तर पैसाही त्यांच्याच हातीं जावा, एवढें मी म्हणतों. सोंवळ्याविषयीं वहिनींचें मत मीं विचारलें. त्या म्हणाल्या, “माझ्या देवाला छप्पर राहिलं तर सोंवळं राहील ना?”

त्या रात्रीं मीं एक कागद तयार करून दिला. कायदेपंडिताचा नव्हे, मास्तराचा. तेराही वांटेकऱ्यांचे हक्क कायम. दहा वर्षें वाडा विकावयाचा नाहीं. वहिनी व पुण्याचा धाकटा पुतण्या यांनीं कारभार पाहावा. खोल्यांचें जें भाडें येईल त्यांतून प्रथम छप्पर, मग मोरी, मग घरपट्टी. उरलें तर आणेवारीनें वांटप. दर माघांत कृष्णाबाईच्या प्रसादास सर्वांनीं यावें आणि त्याच दिवशीं हिशेब वाचावा. दहा वर्षांनीं ज्याला बाहेर पडावयाचें त्याला पडूं द्यावें. वकिलाकडून तो नीट लिहवून घेतला असून आजपावेतों आठ सह्या झाल्या आहेत. अमेरिकेंतील पुतणीची सर्वांत आधीं आली. ठाण्याची अजून यावयाची आहे. ज्यांच्या घरीं असाच आणा-दोन आण्यांचा वांटा कोठें वाई, कोठें नाशिक, कोठें राजापूर येथें पडून असेल, त्यांनीं मसुदा हवा असल्यास मासिकाच्या पत्त्यावर लिहावें. नक्कल पाठविण्याची व्यवस्था करतां येईल.

आणि जे नुसते प्रवासी म्हणून जाणार त्यांनीं एवढें करावें. सायंकाळीं वाईस पोंचावें व रात्रीं तेथेंच राहावें. पहांटे घाटावर जावें. त्या वेळीं गाड्या नसतात. महागणपतीच्या मागची भिंत पाहावी, मग काशीविश्वेश्वराच्या अंगणांतला गुळगुळीत नंदी. पाठशाळेच्या दारावरून एकदां जावें. दुपारीं धोमास जाऊन कमळाच्या आकाराच्या कुंडांतील कांसवाच्या पाठीवरचा नंदी पाहावा. उतरत्या उन्हांत मेणवली गांठावी. १७६८ सालीं हें गांव नाना फडणविसांस मिळालें. वाडा आणि चंद्रकोरीसारखा घाट त्यानंतरचा. वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हां रखवालदारास विचारून आंत जावें व भिंतींवरील चित्रांस हात लावूं नये. घाटावर मेणेश्वरापाशीं मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ चें साल आणि मेरी व बाळ येशू यांची आकृति दिसेल; १७३९ त चिमाजीअप्पांनीं वसई घेतली तेव्हांच्या लुटींतली ती. मुलांना ती आकृति शोधूं द्यावी. मेणवलीहून वाई तीन किलोमीटर. परत पायींच यावें. पाऊण तास लागतो.